स्नानगोळा : आपल्या बादलीच्या मापाने

सुट्टी लागली की मुलांचे हात शिवशिवू लागतात. आकाशकंदील आणि भेटकार्डे यांच्या जोडीला आता घरी केलेले साबण, मेणबत्त्या आणि ‘बाथ बॉम्ब’ आले आहेत. पाण्यात टाकताच फसफसून विरघळणारा, रंगीत आणि सुगंधी असा हा गोळा. नातवंडे तो मोठ्या हौसेने तयार करतात आणि तितक्याच हौसेने आजी-आजोबांच्या हाती ठेवतात. कारण आजीचे पाय दुखतात आणि याने दुखणे जाते, असे त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते. मग दवाखान्यात प्रश्न येतो, “डॉक्टर, हे वापरले तर चालेल ना?”

चालेल. मात्र तो गोळा आपल्या बादलीच्या मापाचा असेल तर, त्यात काही पदार्थ नसतील तर, आणि वापरणाऱ्याच्या पायांची संवेदना शाबूत असेल तर. हे तीन ‘तर’ बरेच मोठे आहेत, म्हणून आजचे हे पान त्यांच्यासाठी.

‘बॉम्ब’ हा शब्द मला स्नानगृहात रुचत नाही. आपण त्याला स्नानगोळा म्हणू. १९८९ साली इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात मो कॉन्स्टंटाइन या बाईंनी तो प्रथम तयार केला. पित्ताच्या त्रासावर पाण्यात टाकून घ्यावयाच्या फसफसणाऱ्या गोळीवरून त्यांना ही कल्पना सुचली. म्हणजे हे रसायन आपल्यालाही परके नाही. ईनोच्या पुडीवर बारीक अक्षरांत ‘स्वर्जिक्षार’ आणि ‘निंबुकाम्लम्’ असे लिहिलेले असते. पहिला म्हणजे खायचा सोडा, दुसरे म्हणजे लिंबूसत्त्व. दोन्ही कोरडे असेपर्यंत शेजारी शेजारी निवांत बसतात. पाणी लागले की त्यांची गाठ पडते, कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे उठतात आणि पाण्यात सोडियम सायट्रेट नावाचे साधे क्षार उरतात. फसफस म्हणजे एवढेच. त्या बुडबुड्यांनी सांधे मोकळे होत नाहीत, ‘विषद्रव्ये’ बाहेर पडत नाहीत आणि रक्तदाबही उतरत नाही. पायांना जे बरे वाटते ते कोमट पाण्यामुळे, आणि शेजारी कुणीतरी बसलेले असते त्यामुळे. औषध म्हणून त्याकडे पाहू नये. गंमत म्हणून जरूर पाहावे. सत्तरीनंतर गंमतीचे प्रसंग आपोआप कमी होतात, ते मुद्दाम आणावे लागतात.

आता मापाचा मुद्दा. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि कृती सांगणारे नेमके याकडेच दुर्लक्ष करतात. हा गोळा ज्या देशात जन्मला तिथे माणूस पाण्याने भरलेल्या लांबलचक टबात पडून स्नान करतो. त्या टबात सुमारे दीडशे लिटर पाणी असते. त्यात शंभर-सव्वाशे ग्रॅमचा गोळा पडला तरी तो पुरेसा पातळ होतो. आपण बादलीने स्नान करणारी माणसे; आपली बादली पंधरा-वीस लिटरची. तोच गोळा तीत टाकला तर सोडा, आम्ल, सुगंध आणि रंग हे सारे सुमारे दहापट तीव्र होते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, आणि वयपरत्वे ती आम्लता थोडी कमी होते. सोड्याचे पाणी ती आणखी घालवते. त्वचेचे संरक्षक आवरण विस्कळीत होते आणि मग नडग्यांना, पाठीला ती ओळखीची हिवाळी खाज सुटते. म्हणून आपला स्नानगोळा बारा-तेरा ग्रॅमचा, मोठ्या सुपारीएवढाच असावा. संत्र्याएवढा देखणा गोळा बादलीसाठी नव्हे.

त्यात काय नसावे, हे काय असावे याच्या आधी सांगते. पहिले म्हणजे तेल. बहुतेक कृतींमध्ये खोबरेल किंवा बदामाचे तेल असते. ते पाण्यात विरघळत नाही, तरंगते आणि शेवटी स्नानगृहाच्या फरशीवर पसरते. साबणाचे पाणी निदान वाहून जाते. तेलाचा थर राहतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. वृद्धापकाळी घसरून पडण्याचा अर्थ तरुणपणापेक्षा वेगळा असतो. हाडे ठिसूळ झालेली असतात, खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, अशक्तपणा अशी रांग लागते, आणि पूर्वीसारखे स्वतःच्या पायांनी हिंडणे अनेकांना पुन्हा साधत नाही. त्वचेला तेल हवेच आहे, पण ते स्नानानंतर, अंग टिपून झाल्यावर, खोलीत खुर्चीवर बसून लावावे. अभ्यंगाची आपली परंपरा मला ठाऊक आहे आणि प्रियही आहे. परंतु ऐंशीच्या घरातल्या माणसाने तेलकट तळव्यांनी ओल्या फरशीवर चालावे, हे मला कोणत्याही सणाच्या दिवशी मान्य नाही.

दुसरे सुगंध आणि रंग. पुदिना, दालचिनी, लवंग यांची अर्के पातळ त्वचेवर चुरचुरतात, आणि ‘नैसर्गिक’ असा शिक्का असला तरी सुगंधी तेलांची ॲलर्जी येऊ शकते. कापूर मुळीच घालू नये. घरात लहान मूल असेल आणि ते त्याने तोंडात घातले तर झटके येण्यापर्यंत प्रकरण जाते. रांगोळीचे रंग, गुलाल, चमकी ही तर स्नानाची द्रव्येच नव्हेत. गुलाबाच्या पाकळ्या छायाचित्रात शोभतात. प्रत्यक्षात त्या पायाखाली येतात आणि मोरीच्या जाळीत अडकतात.

एप्सम सॉल्टविषयी वारंवार विचारणा होते. इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यांवरून नाव पडलेले हे मॅग्नेशियम सल्फेट. ते त्वचेतून आत शिरते आणि दुखणे घालवते, या दाव्याला भक्कम पुरावा नाही. शिवाय आपल्या दमट हवेत त्याने गोळे भुसभुशीत होतात. वगळावे.

उरले तीन पदार्थ आणि थोडे पाणी. १०० ग्रॅम खायचा सोडा, ५० ग्रॅम लिंबूसत्त्व म्हणजेच सायट्रिक ॲसिड, आणि ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. एवढ्यात पंधरा-सोळा गोळे होतात. दुकानात एक खबरदारी घ्यावी : ‘सोडा द्या’ एवढेच सांगू नये. धुण्याचा सोडा हा निराळा आणि दाहक पदार्थ आहे, तो त्वचेला भाजू शकतो. पापडखार आणि बेकिंग पावडरही नकोत. बंद पाकिटावर नाव वाचून घ्यावे. चष्मा विसरला असेल तर नातवाकडून वाचून घ्यावे. सोडा लिंबूसत्त्वाच्या दुप्पट ठेवण्याचे कारण असे की, त्यामुळे पाण्यात आम्ल शिल्लक उरत नाही. थोडा सोडा उरतो, पण एवढ्या लहान गोळ्यात तो क्षुल्लक असतो.

तिन्ही जिन्नस कोरड्या परातीत चाळून घ्यावेत. चाळताना पंखा बंद असावा आणि ज्यांना दमा आहे त्यांनी दुसऱ्या खोलीत बसावे, कारण लिंबूसत्त्वाची पूड श्वासात गेली की खोकल्याची उबळ येते. ज्यांच्या बोटांना चिरा आहेत त्यांनी हातमोजे घालावेत. नाहीतर आग आग होते. मग पाणी. ओतायचे नाही, फवाऱ्याच्या बाटलीने एक हलका शिडकावा आणि लगेच हाताने कालवणे, पुन्हा एक शिडकावा. सगळ्याला मिळून चमचाभरही लागत नाही. पाणी जास्त झाले तर मिश्रण परातीतच फसफसू लागते आणि गोळ्यातली गंमत तिथेच संपते. नेमके केव्हा थांबावे, हे मुलांना सांगून कळत नाही. आजीला मात्र न सांगता कळते, कारण रव्याचा लाडू वळताना हीच परीक्षा असते : मूठ दाबली की आकार राहावा आणि टिचकी मारली की फुटावा. या ठिकाणी नातीने बाजूला व्हावे आणि आजीला परात द्यावी. आजीची बोटे संधिवाताने आखडलेली असतील तर तिने नुसते पाहून ‘अजून कोरडे आहे’ एवढे म्हणावे, तेही पुरते.

लहान गोळे घट्ट दाबून वळावेत, कागदावर ठेवावेत आणि एक दिवसभर कोरड्या जागी वाळू द्यावेत. ओले गोळे घट्ट झाकणाच्या बरणीत कधीही भरू नयेत. आत वायू तयार होत राहतो, त्याला वाट मिळत नाही आणि काचेची बरणी तडकू शकते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हा उद्योग फसतोच. हवेतल्या ओलाव्यानेच गोळे फुगतात. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम. डोळ्यात पूड गेली तर डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा, आणि तरीही लाली किंवा दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

वापरताना एक गोळा एका बादलीस. फसफस पूर्ण थांबू द्यावी, मग ते पाणी अंगावर घ्यावे आणि शेवटी दोन तांबे साधे कोमट पाणी घ्यावे, म्हणजे काखेत, जांघेत, स्तनांखाली कॉर्नफ्लोअरचा अंश राहणार नाही. डोके आणि चेहरा या पाण्याने धुऊ नये. आठवड्यातून एकदा पुरे. स्नान पाच-दहा मिनिटांत आटोपावे, टॉवेलने रगडू नये, टिपावे, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधे पेट्रोलियम जेली लावावे. खरे सांगायचे तर हिवाळ्यातल्या कोरड्या त्वचेला या शेवटच्या कृतीचा जेवढा उपयोग होतो तेवढा कोणत्याही गोळ्याचा होत नाही. आणि खाज दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा रात्री वाढू लागली आणि घरातल्या इतरांनाही सुटली, तर घरगुती उपाय थांबवावेत. मधुमेह, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, एखादे चालू औषध किंवा साधी खरूज, यांपैकी काहीही तिच्यामागे असू शकते.

पाय बुडवून बसण्याची पद्धत अधिक लोकप्रिय आहे, आणि चिंता मला तिचीच वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका गृहस्थांना आणले होते. वय पंच्याहत्तरच्या आसपास, मधुमेह वीस वर्षांचा. दोन्ही पावलांवर मोठे फोड आलेले. नातवाने केलेला गोळा घमेल्यात टाकून ते दूरदर्शनवरची बातमीपत्रे पाहत अर्धा तास बसले होते. नातू दाराशी रडवेला उभा. त्याची समजूत अशी, की गोळ्यानेच आजोबांचे पाय भाजले. मी विचारपूस केली तेव्हा कळले की, गोळा गरम पाण्यात भराभर विरघळतो म्हणून घमेले गीझरच्या पाण्याने भरले होते, आणि पाणी निवत आले तसे प्रेमाने आणखी दोनदा गरम पाणी घातले होते. आजोबांना काहीच जाणवले नव्हते. मधुमेहाने त्यांच्या पावलांच्या नसा कधीच बधिर केल्या होत्या. घरात ते कुणाला ठाऊक नव्हते, त्यांना स्वतःलाही नव्हते. फोड पाण्याने आले होते, गोळ्याने नव्हे. हे मी नातवाला त्याच्या उंचीवर वाकून दोनदा सांगितले. जखमा भरायला कित्येक आठवडे पट्ट्या कराव्या लागल्या.

६० अंश सेल्सिअसचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते, आणि अनेक घरांत गीझर त्याच्या आसपासच लावलेला असतो. ज्याला चटका कळतो तो पाय काढून घेतो. ज्याला कळत नाही तो बसून राहतो. म्हणून नियम असा, की पाण्याची उष्णता वापरणाऱ्याने पायाने ठरवू नये. घरातल्या निरोगी माणसाने कोपर बुडवून पाहावे. पाणी कोमट म्हणजे शरीराच्या तापमानाइतके, ३७-३८ अंश. आधी थंड पाणी, मग गरम. पाय आत असताना वरून गरम पाणी घालू नये. दहा मिनिटे पुरेत.

ज्यांना मधुमेह आहे आणि पाय बधिर आहेत, ज्यांच्या पायांचा रक्तपुरवठा कमी आहे, ज्यांना पायावर जखम, भेग किंवा बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत, त्यांनी पाय भिजवत बसूच नये, ना गोळा घालून ना नुसत्या पाण्यात. बराच वेळ भिजलेली त्वचा मऊ पडते, फाटते आणि जंतूंना वाट देते. त्यांनी पाय धुवावेत, बेचक्यांसह कोरडे करावेत, मलम लावावे. मात्र बेचक्यांत मलम नको. मूळव्याधीसाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर कोमट पाण्याच्या टबात बसण्यास सांगितले असेल तर त्या पाण्यातही स्नानगोळा टाकू नये. नाजूक भागाची आग होते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना गरम पाण्यानंतर झटकन उठताना भोवळ येऊ शकते. त्यांनी स्टुलावर बसून स्नान करावे, क्षणभर थांबून, आधार धरून उठावे, आणि आतून कडी लावू नये. या शेवटच्या सूचनेवर घराघरांत रुसवे होतात, हे मी जाणते. दाराबाहेर ‘आत आहे’ अशी पाटी अडकवावी, म्हणजे मानही राखला जातो.

साठवणीबद्दल शुश्रूषा करणाऱ्यांना विशेष सांगायचे आहे. मुले हे गोळे करताना मोदकाचा किंवा पेढ्याचा साचा वापरतात. दिसायला फार सुरेख होते, आणि धोका तिथेच असतो. विस्मरणाचा आजार झालेल्या किंवा दृष्टी अधू असलेल्या माणसाला तो पेढाच वाटतो. आपल्या छोट्या गोळ्यातही सोड्यामुळे सुमारे १.७ ग्रॅम सोडियम जाते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा संपूर्ण दिवसाला २ ग्रॅमहून कमी अशी आहे. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्या माणसाला असा एखादा गोळाही बाधू शकतो, आणि पोटात एकदम वायू धरतो तो त्रास वेगळाच. म्हणून साचा नको. हाताने वळलेले ओबडधोबड गोळेच बरे. डबा स्वयंपाकघरात नको, खाऊच्या डब्यासारखा नको, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘अंघोळीचे, खायचे नाही’ असे लिहावे. चुकून कुणी खाल्लाच तर उलटी करवू नये. तोंड धुवावे आणि डॉक्टरांना ताबडतोब कळवावे.

आणि ज्यांना मी वर ‘नको’ म्हटले, त्या आजोबांनी काय करावे? नातवाने केलेली वस्तू कपाटात पडून राहावी, असे माझे म्हणणे नाही. काचेचे एक मोठे वाडगे घ्यावे, त्यात साधे पाणी भरावे आणि ते आजोबांच्या समोर टेबलावर ठेवावे. गोळा त्यांच्याच हाताने आत सोडू द्यावा. बुडबुडे वर येताना पाहावेत, कान जवळ नेला तर बारीक चरचर ऐकू येते तीही ऐकावी. पाय कोरडेच राहू द्यावेत. तेवढ्या वेळात नातवाने विजेरी घेऊन आजोबांच्या तळव्यांकडे, टाचांकडे, प्रत्येक बोटाच्या बेचक्यात पाहावे आणि कुठे लाल दिसते, कुठे कातडी सुटली आहे, ते मोठ्याने सांगावे. सहाव्या-सातव्या इयत्तेतल्या मुलाला हे उत्तम जमते. त्याची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते आणि आजोबांना वाकवत नाही.